बोर्बनची प्रतवारी

कऱ्हाडच्या मार्केट यार्डात गुळाची ढेप उतरली की तिचं कूळ, शील आणि चालचलणूक लालासाहेब सांगत. नखानं टवका काढायचा, जिभेच्या शेंड्यावर ठेवायचा आणि डोळे मिटायचे. तेवढ्यापुरते हमालसुद्धा पोती हळू टाकत. मग डोळे उघडून लालासाहेब सांगत की ऊस नदीकाठचा आहे, रसाची काहील चुलवाणावरून जरा उशिरा उतरवली आहे, मळी काढायला भेंडीच्या पाण्याऐवजी पांढरी पावडर वापरली आहे, आणि गुळव्याचं घरी काहीतरी बिनसलं आहे. शेवटचं ते अंदाजानं ठोकत; पण गुऱ्हाळाच्या दिवसांत गुळवे तीन-तीन महिने घरी जात नसल्यामुळे तेही कधी चुकलं नाही.

अशा माणसाची चव गेली.

चौऱ्याण्णव सालच्या श्रावणात ताप आला, नऊ दिवस राहिला आणि जाताना जीभ आणि नाक दोन्ही घेऊन गेला. मिरजेच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून नाक, कान, घसा सगळं तपासलं आणि चव परत येईल किंवा येणार नाही, असं सांगितलं. लालासाहेबांना हे उत्तर पटलं नाही. गुळाबद्दल त्यांनी असलं उत्तर दिलं असतं तर व्यापाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी त्यांना यार्डात पाय ठेवू दिला नसता.

डॉक्टर सोडले तर ही गोष्ट ठाऊक असलेलं माणूस एकच, त्यांची बायको हरणाबाई. तिलाही त्यांनी आपणहून सांगितलं नव्हतं. एकदा आमटीत मीठ घालायचं राहिलं आणि नवऱ्यानं "झकास" म्हणून दुसरी वाटी मागितली. हरणाबाईनं पळी हातात तशीच धरून त्यांच्याकडं पाहिलं. मग वाटी भरली आणि बिनमिठाचीच वाढली. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्या आमटीला पहिल्यांदा झकास म्हटलं होतं आणि ते असं निघालं. "कुणाला बोलायचं न्हाई," एवढंच लालासाहेब म्हणाले. तिनं मान हलवली. ती मान हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे त्यांनी नीट पाहिलं नाही.

त्यानंतरचे दोन हंगाम त्यांनी डोळ्यांवर काढले. केशरी पिवळा गूळ एक नंबर, तांबूस दोन नंबर, काळपट तीन नंबर. नखाखाली कण कसा फुटतो, टिचकी मारली की ढेप कशी वाजते, तेही ते पाहत. चव घेतल्याचा अभिनय मात्र पूर्वीपेक्षा सुधारला होता. पूर्वी नुसते डोळे मिटत. आता भुवयाही वर जात.

आणि यार्डाची एक पद्धत त्यांच्या कामी आली होती. परखी, म्हणजे मालाची प्रत ठरवणारा, ती तोंडानं सांगत नसे. परखी आणि दलाल दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा, त्याखाली परखीनं दलालाची बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक नंबर, दोन म्हणजे दोन. मग दलालानं प्रत पुकारायची आणि बोली सुरू करायची. लालासाहेबांचा दलाल आकाराम. दोघं मसूरला एका शाळेत एकाच मास्तरचा मार खाऊन मोठे झालेले. आकारामच्या हाताला गेले दोन हंगाम कंप सुटला होता. टॉवेलाखाली हात गेला की त्याची बोटं आपोआप थरथरायची. कधी एक, कधी दोन, कधी तीन. लालासाहेबांना त्याची फार काळजी वाटे. मित्राचा हात गेला हे यार्डात कळलं तर त्याचं कसं व्हायचं, म्हणून त्यांनी ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. गुपचूप नारायण तेलाच्या दोन बाटल्या मात्र आणून दिल्या. आपल्याला डोळ्यांनी जेवढे नंबर दिसतात नेमकी तेवढीच बोटं मित्राची थरथरतात, हा योगायोग त्यांच्या ध्यानात आला होता. कधी फरक पडलाच तर ते ढेपेकडं परत बघत आणि त्यांना बोटांएवढाच नंबर दिसू लागे. पण चांगल्या योगायोगाची फार चौकशी करू नये, असं त्यांचं मत होतं.

असं सगळं ठीक चाललेलं असताना शहाण्णवच्या दिवाळीआधी तीन आठवडे धवलचा फोन आला.

धवल म्हणजे लालासाहेबांच्या सांगलीच्या बहिणीचा मुलगा. लहानपणी सुट्टीत मामाबरोबर यार्डात जाऊन बसायचा, टवके खायचा. मामा विचारायचा, "काय लागलं सांग." धवल म्हणायचा, "गोड." मामा म्हणायचा, "गोड तर समद्यांनाच लागतंय, फुडं सांग." त्या फुडं सांगण्याच्या नादात तो केमिकल इंजिनियर झाला आणि सांगलीजवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लागला. कारखान्यानं त्याला सहा महिने अमेरिकेला केंटकी नावाच्या मुलखात शिकायला पाठवलं होतं. तिथंही त्यानं दर आठवड्याला कुणाला तरी मामाच्या जिभेबद्दल सांगितलं होतं.

लालासाहेबांकडं फोन नव्हता. फोन शेजारी तात्याबांकडं. तात्याबा सव्वीस वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून परत आलेले. त्यांना फोनवर ओरडूनच बोलायची सवय होती, त्यामुळे निरोप सांगायला यायची तशी गरज नव्हती. पण ते आले. म्हणाले, "धवल रविवारी यायलाय. अमेरिकेचं बोर्बन आणतोय, तीन परकारचं. म्हणला, मामाला म्हणावं चव घिऊन सांगायचं, कुठलं सरस, कुठलं निरस."

हरणाबाईला आनंद झाला. बोर्बन तिला माहीत होतं. चॉकलेटचं क्रीम मध्ये भरलेलं, वर साखर लावलेलं ते बिस्कीट. अमेरिकेतून एवढ्या लांबून बिस्किटं आणतोय म्हणजे पोरगं अजून भोळं आहे, असं तिला वाटलं. तुलनेला असावीत म्हणून तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून आपल्याकडचेही दोन पुडे आणून ठेवले.

लालासाहेबांना मात्र घाम फुटला. बिस्कीट असो की काही असो, चव घेऊन सांगायचं होतं. समोर धवल असणार, ज्याला त्यांनीच शिकवलं होतं. आणि तात्याबा असणार. तात्याबांना रविवारी कळलेलं सोमवारी सकाळी सलूनमध्ये, दुपारी एसटी स्टँडवर आणि संध्याकाळी यार्डात पोचे. पाडव्याला हंगामाचा मुहूर्त. त्याआधी परखीची जीभ मेल्याचं बाहेर गेलं तर पस्तीस वर्षांचं नाव संपलं. नाही म्हणायची सोय नव्हती, कारण लालासाहेबांनी चव घ्यायला नाही म्हणणं हीच मोठी बातमी झाली असती.

त्यांनी एकच अट घातली. परख यार्डाच्या रीतीनं होईल. टॉवेल लागेल, आणि आकाराम लागेल.

रविवारी दुपारी धवल आला. मामा-मामीच्या पाया पडला, पिशवी उघडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या तीन बाटल्या बाहेर काढल्या. तात्याबा बिस्किटं बुडवायला घरून थर्मासभर चहा घेऊन आले होते. त्यांनी बाटल्यांकडं पाहिलं, थर्मासकडं पाहिलं, आणि थर्मास खुर्चीखाली सरकवला. फौजेत माणूस एवढं शिकतोच.

बोर्बन ही मक्याची दारू असते, असं धवलनं समजावून सांगितलं. विमानतळावर माणशी एकच बाटली सोडतात; पण त्याच्याबरोबरच्या दोन सोबत्यांपैकी एकाला घरी कांदासुद्धा चालत नव्हता आणि दुसरा बायकोला भीत होता, म्हणून तिन्ही त्याच्याकडं आल्या. तिन्ही एकाच भट्टीच्या. एक चार वर्षांची, एक आठ, एक बारा. कुठली कुठली ते त्यानं कागदावर लिहून खिशात ठेवलं होतं. मामानं फक्त एक, दोन, तीन लावून द्यायचं.

"मक्याची?" तात्याबा म्हणाले. "आमी मका जनावराला घालतो."

हरणाबाई अजून बिस्किटांचे पुडे हातात धरून उभी होती. घरात दारू यायची ही तिच्या हयातीतली पहिलीच वेळ. तिनं बराच विचार केला आणि नियम सांगितले. स्वयंपाकघरात देव आहेत, तेव्हा बाटल्या तिथं येणार नाहीत. मागच्या पडवीत धुण्याच्या दगडाजवळ राहतील. काचेचे पेले मिळणार नाहीत. आणि गिळायचं नाही. गुळासारखं जिभेवर घ्यायचं आणि थुंकायचं. त्यासाठी तिनं एक जुनं पातेलं आणून मधोमध ठेवलं. मग बिस्किटं बशीत मांडली, कारण आणली होती.

तेवढ्यात आकाराम आला. सरळ, उंच, पांढरी टोपी. आयुष्यात दारूच्या थेंबाला न शिवलेला. खोकल्याचं औषध घेतानासुद्धा कंपौंडरला दोनदा विचारून घेणारा. बाटल्या पाहून तो मागच्या मागे फिरलाच असता. पण हरणाबाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि तो गुमान बसला.

धवलनं पडवीत जाऊन तीन स्टीलची फुलपात्रं भरून आणली. लेबलं खरवडलेल्या बाटल्यांवर आणि फुलपात्रांच्या बुडाला खडूनं तेच आकडे घातलेले. लालासाहेबांची पहिली पंचाईत तिथंच झाली. स्टीलच्या भांड्यात रंग कसा कळणार? त्यांनी फुलपात्र दारातल्या उन्हात धरलं, कलतं केलं, हलवलं. तात्याबांना ते फार शास्त्रीय वाटलं. तीन नंबरचं पाणी चांगलंच काळपट होतं, दोनचं तांबूस, एकचं फिकट केशरी. लालासाहेबांचा जीव भांड्यात पडला. मग रीत म्हणून त्यांनी एकेक घोट जिभेवर घेतला. जीभ चुरचुरली, घसा तापला, डोळ्यांत पाणी आलं. चव नव्हती. गरम वाळू तोंडात धरल्यासारखं वाटलं. त्यांनी भुवया वर केल्या आणि पातेल्यात थुंकले.

मग फुलपात्रं बाकीच्यांकडं फिरली. तात्याबांनी थुंकताना दरवेळी थोडं विसरायचं ठरवलेलं दिसलं. मधूनमधून ते बिस्कीट बुडवून खात होते. बिस्कीट थुंकायचं असं काही ठरलं नव्हतं.

"आता टॉवेल आणा," लालासाहेब म्हणाले. पण आकाराम जागेवर नव्हता. पाणी प्यायला मागं गेला होता.

आणि त्याच वेळी कोयनेचा धक्का बसला.

बारीकच होता. बिस्किटांची बशी किणकिणली, भिंतीवरचं कॅलेंडर एकदा डावीकडं झुकून परत सरळ झालं. तात्याबांनी फुलपात्र छातीशी धरलं आणि धक्का संपल्यावर "तीन पॉइंट एक" असं जाहीर केलं. धवल म्हणाला, तीन पॉइंट तीन. कऱ्हाडात हे सगळ्यांनाच येतं. धक्का बसला की घरातल्या कर्त्यानं आत जाऊन डबे पडले का ते पाहायचं, हीही तिथली रीत. लालासाहेब उठून आत गेले. डबे जागेवर होते. हरणाबाई नव्हती. म्हणून ते पडवीच्या दाराशी गेले.

धुण्याच्या दगडाशी हरणाबाई आणि आकाराम समोरासमोर उकिडवे बसले होते. हरणाबाईच्या हातात तीन नंबरची बाटली होती आणि ती चमच्यात दारू ओतून आकारामला पाजत होती. आकारामनं डोळे घट्ट मिटून चमचा तोंडात घेतला, जसा लहान मुलाला एरंडेल देतात तसा. धक्का बसल्याचं दोघांच्या गावीही नव्हतं.

लालासाहेबांच्या आयुष्यात असं दृश्य आलं नव्हतं. आपली बायको आपल्या मित्राला चोरून दारू पाजते आहे, यावर नवऱ्यानं काय करायचं असतं ते त्यांना आठवेना.

आकाराम थुंकला आणि टोपीनं तोंड पुसलं. म्हणाला, "वैनी, गुळाचं मला कळतंय. ह्याच्यातलं काय कळत न्हाई. दोन हंगाम लालाला बोटानं सांगतोय, एक डाव चुकला न्हाई त्यो. आज चुकला तर माझ्यापायी चुकंल."

"तुमाला काय लागतंय तेवढं सांगा, भावजी," हरणाबाई म्हणाली. "त्यास्नी तेवढंबी लागत न्हाई."

आकारामनं परत डोळे मिटले. "ह्यात धूर हाय. करपट लागतंय शेवटाला. काहील खाली लागल्यावानी."

"मग तीन नंबर द्या."

"तीनच देतो. पर वैनी, जरा जादा थरथरवतो. आज त्याचं ध्यान ठिकाणावर न्हाई."

लालासाहेब आवाज न करता मागं फिरले. स्वयंपाकघरात देवांसमोर ते थोडा वेळ उभे राहिले. नमस्कार करायचं सुचलं नाही, नुसते उभे राहिले. दोन हंगाम. म्हणजे शेकडो ढेपा. त्या प्रत्येक ढेपेचा टवका आकारामनं आधी कुठंतरी कडेला जाऊन खाल्ला असणार, जिभेनं तोलला असणार, आणि मग टॉवेलाखाली येऊन म्हाताऱ्यासारखा हात कापवला असणार. टॉवेल हलताना बघून यार्डात पोरं त्याला हसायची, आकाराम आबांना थंडी वाजली म्हणायची. त्यानं ऐकून घेतलं असणार. वर नारायण तेलही घेतलं. आणि ज्या डोळ्यांच्या जोरावर आपण तरलो असं लालासाहेब समजत होते, ते डोळे फुकटच मिरवत होते.

ते बाहेरच्या सोप्यात येऊन बसले. मागोमाग आकाराम आला, तोंड पुसून, अगदी निष्पाप. हरणाबाई टॉवेल घेऊन आली. दोघांच्या हातांवर टॉवेल पडला. धवल खिशातल्या कागदावर हात ठेवून पुढं सरकला. तात्याबांनी चघळणं थांबवलं.

आकारामची बोटं थरथरायला लागली. आधी एक. लालासाहेबांनी हाताकडं नीट ध्यान दिलं, दोन वर्षांत पहिल्यांदा. कंप वगैरे काही नव्हता. मजबूत, खरखरीत हात होता, आणि एक बोट जिवाच्या आकांतानं सांगत होतं. लालासाहेबांनी ते बोट आपल्या मुठीत धरलं आणि दाबलं नाही. तसंच धरून ठेवलं.

"काय झालं?" आकाराम पुटपुटला.

यार्डात टॉवेल मध्येच उचलला की सौदा मोडला असं धरतात. लालासाहेबांनी दुसऱ्या हातानं टॉवेल उचलला आणि खांद्यावर टाकला.

"धवल," ते म्हणाले, "ही जीभ माझी न्हवं. माझी दोन वर्सं झाली गेली. आकाराम सांगतोय तवा मी परखी हाय."

आकाराम खाली मान घालून बसला, चोरी त्याचीच पकडली गेल्यासारखा. हरणाबाईनं पदर तोंडाला लावला. लालासाहेब तात्याबांकडं बघत होते, कारण बातमी त्यांच्या तोंडातून बाहेर जाणार होती, आणि ते तोंड सध्या भरलेलं होतं.

तात्याबांनी बिस्कीट गिळलं. म्हणाले, "मला रम आन् फिनेल ह्यातला फरक सव्वीस वर्सं कळला न्हाई. सरकारनं पेन्शन थांबवली न्हाई."

त्यावर आकाराम पहिल्यांदा हसला. मग मान वर करून म्हणाला, "लाला, तुला राग न्हाई आला?"

"आला," लालासाहेब म्हणाले. "तुझ्या हाताच्या काळजीनं मला दोन वर्सं झोप न्हाई."

"हाताला काय झालंय?"

"त्येच म्हणतोय मी. आन् त्या तेलाचं काय केलंस रं?"

"बैलाच्या खांद्याला चोळलं. लय चांगलं हाय."

आभार हा शब्द त्या घरात लग्नपत्रिकेच्या तळाशी आणि दहाव्याच्या कार्डावर वापरत. तोंडानं तो कुणी म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं. लालासाहेबांनी बशीतलं एक बिस्कीट उचललं आणि आकारामच्या हातात दिलं. मग जरा थांबून दुसरं उचललं आणि हरणाबाईच्या हातात दिलं. तिनं ते खाल्लं नाही. पदरात बांधलं, आणि उगाचच पातेलं उचलून कढीपत्त्याच्या बुडात ओतून आली.

"पण निकाल तर सांगा," धवल म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. घोट सगळ्यांत कमी त्यानंच घेतला होता.

आकारामनं निकाल सांगितला. एक नंबरची बाटली एक नंबर, दोनची दोन, तीनची तीन. धवलनं खिशातला कागद काढला, वाचला आणि मांडीवर थाप मारली. निकाल बरोब्बर उलटा होता. तीन नंबरची बाटली बारा वर्षांची, सगळ्यांत भारी. एक नंबरची चार वर्षांची, सगळ्यांत पोरसवदा.

"धूर लागतोय की त्यात," आकाराम म्हणाला.

धवलनं सांगितलं की तिथं लाकडी पिंपं आतून मुद्दाम जाळतात आणि त्यात दारू वर्षानुवर्षं मुरत ठेवतात. जितकी मुरेल तितका रंग काळा, तितका धूर, तितकी किंमत.

आकाराम आणि लालासाहेब एकमेकांकडं बघतच राहिले. मुद्दाम करपवायचं आणि वर मिरवायचं, हे दोघांच्या डोक्यात शिरेना. लालासाहेबांनी डोळ्यांनी रंग बघून तोच निकाल मनात लावला होता, काळपट म्हणून तीन नंबर. म्हणजे डोळ्यांनी गेले असते तरी उलटेच गेले असते.

"पण आकारामकाका, तुम्ही एकही जागा चुकवली नाहीत," धवल म्हणाला. "फक्त शिडी उलटी धरली. केंटकीत माझ्याबरोबर अकरा जण शिकत होते, त्यांतल्या नऊ जणांना मधली कुठली तेच कळलं नव्हतं." आणि मग मामाकडं वळून हळू आवाजात म्हणाला, "मामा, मी तिथं सगळ्यांना तुमच्याबद्दल सांगत होतो. आता दोघांबद्दल सांगीन. जरा लांब पडेल, पण सांगीन."

लालासाहेबांनी तीन नंबरचं फुलपात्र परत उचललं आणि एक घोट तोंडात घेतला. तोच चुरचुराट, तीच गरम वाळू. त्यांनी फुलपात्र आकारामपुढं केलं.

"कसं लागतंय ते सांग."

"सांगितलं की. तीन नंबर."

"नंबर नगं. लागतंय कसं ते सांग. मला आठवत न्हाई आता."

आकारामला बोलायची सवय नव्हती. त्याचं सगळं बोलणं बोटांनी झालेलं. त्यानं घोट घेतला, थुंकायचं विसरला, आणि बराच वेळ डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "पहाटं गुऱ्हाळावर गेल्यावानी. चुलवाणात चिपाडं पेटल्यात. काकवी उकळाय लागलीया, पर आपून जरा लांब उभं हाय, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आधी धूर येतोय. मागनं गोड."

लालासाहेब ऐकत होते. डोळे मिटलेले, भुवया जागेवर.

"आन् शेवटाला?"

"शेवटाला खारीक. जुन्या पेटीत ठिवलेली."

दोन नंबर नवी चिंच होती आणि तिच्यात कुणीतरी साखरेचा खडा टाकला होता. एक नंबर म्हणजे भाजलेलं कणीस, वर मीठ न लावता. तात्याबा मध्येच म्हणाले की त्यांनाही आता कणीस लागतंय. पण ते बिस्कीट खात होते, त्यामुळे त्यांचं कुणी धरलं नाही.

सोमवारी तात्याबा सलूनमध्ये गेले, दाढी करून घेतली आणि परत आले. काही बोलले नाहीत. ते पाडव्यापर्यंत वाट बघत होते असं नंतर म्हणाले. ज्याची बातमी त्यानं आधी फोडावी, एवढी शिस्त फौजेत असते.

पाडव्याला मुहूर्ताच्या सौद्याआधी लालासाहेब यार्डात उभे राहिले आणि चाळीस व्यापाऱ्यांना सगळं सांगून टाकलं. बोर्बनचं गाळलं, कारण आकारामच्या घरी अजून कळायचं होतं. चव गेली, दोन हंगाम परख आकारामची होती, आता परखीच्या जागेवरही त्यानंच बसावं, एवढंच. आकाराम नको नको म्हणत होता. व्यापारी एकमेकांकडं बघत राहिले. त्यांतल्या भाऊसोंनी गेल्या दोन वर्षांतला आपला माल मनातल्या मनात परत चाखून पाहिला असावा. काही खोट सापडली नाही. ते म्हणाले, परख तीच आहे तर आमचं काही म्हणणं नाही. पण मग पुकारायचं कुणी? परखीनं स्वतः पुकारायचं नाही, ही यार्डाची रीत होती.

"मी पुकारतो," लालासाहेब म्हणाले. "आवाज हाय अजून."

अशा रीतीनं दोघांनी जागा बदलल्या. पहिली ढेप आली, हळदकुंकू लावलेली. आकारामनं चारचौघांत, उघड, टवका काढून जिभेवर ठेवला. दोघांच्या हातांवर टॉवेल पडला. त्याखाली एक बोट आलं, सरळ आणि स्थिर. लालासाहेबांनी पुकारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"नुसतं बोट नगं," ते कानाशी म्हणाले. "कसा हाय ते सांग."

"आत्ता? मानसं उभी हाईत."

"उभी राहू देत."

आकारामनं आणखी एक टवका घेतला आणि टॉवेलाखाली मित्राचा हात धरून सांगायला लागला. ऊस आडसाली, काळ्या रानातला. रस सकाळचा. गुळव्यानं काहील वेळेवर उतरवली आहे, घाई नाही, आळस नाही. मागं जरासं आलं लागतंय, कुणी घातलं नसेल, शेजारच्या वाफ्यातलं असेल. मागून कुणीतरी खाकरलं. भाऊसोंनी घड्याळ बघितलं. लालासाहेबांनी मोकळा हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"थांबा की जरा," ते म्हणाले. "अजून माझं खाऊन व्हायचंय."